कोर्स एकाचा, जीव चौघांचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही नाशिकचे चौघे मित्र, तिशीतले. दहा-बारा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. अलंग-मदन-कुलंग, हरिहर, साल्हेर-सालोटा, सगळं पावसात आणि रात्रीही केलंय. दोन हिवाळे गुलमर्गला स्कीइंगचे कोर्स केले. आता फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा काढून तिथेच स्वतःच्या बळावर स्की टूरिंग करायचं आहे, म्हणजे स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, लावून चढायचं आणि मोकळ्या बर्फातून उतरायचं. हिमस्खलन सुरक्षेचा कोर्स चौघांना परवडत नाही. म्हणून मी एकट्याने तो करावा, तिघांना शिकवावं आणि बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याला शोधायची रेडिओ यंत्रं, भाड्याने घ्यावेत असं ठरतंय. एकाचं म्हणणं, तेवढ्या पैशात एअरबॅग घेऊ, म्हणजे स्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी पिशवी. दुसरा म्हणतो, तिथली मुलं रोज जातात, त्यांच्या मागोमाग जाऊ. चौथा काही बोलत नाही, बहुधा घाबरलाय. घरी फक्त 'स्कीइंगला जातोय' एवढंच सांगितलंय. पैसे कोर्सवर घालावेत की गाइडवर?

उत्तर:

तुमच्या बेतात एक गोष्ट उलटी पडली आहे. कोर्स तुम्ही करणार. पण तुम्ही बर्फाखाली गेलात तर तुम्हाला शोधून काढणारे ते तिघे असतील, आणि त्यांचं शिक्षण म्हणजे तुम्ही नाशकात दोन-चार रविवारी सांगितलेलं तेवढंच. बीकन गळ्यात आपण अडकवतो, पण जीव वाचतो तो दुसऱ्याच्या हातातल्या बीकनमुळे. म्हणून गटातला सगळ्यात कमी सराव असलेला माणूस जेवढा तयार, तेवढेच तुम्ही सुरक्षित.

वेळेचा हिशेब पाहा. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांत एक. हरिहरच्या पायऱ्यांवर कुणी अडकलं तर पायथ्याच्या वाडीतून माणसं येतात, शहरातून बचाव पथक निघतं, काही तासांनी का होईना मदत पोचते. बर्फात बाहेरची मदत पोचते ती बहुतेक वेळा देह काढायला. त्या दहा मिनिटांत तिथे असतात फक्त सोबतचे.

आणि त्या दहा मिनिटांत करायचं काय, हे ऐकून येत नाही. आधी वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता आहे का ते बघायचं. मग उरलेल्या प्रत्येकाने आपला बीकन शोध-स्थितीत टाकायचा. एकाचाही प्रक्षेपणावर राहिला तर बाकीचे त्यालाच शोधत बसतात, आणि गडबडीत नेमकं हेच होतं. माणूस शेवटचा दिसला त्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेने खाली शोध घ्यायचा. तीन अँटेना असलेल्या डिजिटल बीकनवर चाळीस ते पन्नास मीटर रुंदीचे पट्टे धरून चालायचं, नजरेने काठी, हातमोजा, स्कीचं टोक शोधत. सिग्नल लागला की बाण वळणदार वाटेने नेतो. सरळ नेत नाही म्हणून घाबरायचं नाही. दहा मीटरच्या आत वेग कमी करायचा, तीन मीटरच्या आत यंत्र बर्फाला टेकवून, न फिरवता, आधी एका रेषेत आणि मग तिला काटकोनात सरकवायचं. सर्वांत लहान आकडा दिसेल तिथे प्रोब, म्हणजे घडीची लांब सळई, उताराला काटकोनात खुपसायचा आणि लागला नाही तर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर सोडून चक्राकार बाहेर जायचं. प्रोब माणसाला लागला की तो तिथेच उभा ठेवायचा.

खरा वेळ खातं ते खोदणं. स्खलनाचा बर्फ थांबला की घट्ट आळतो. मीटरभर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर किंवा त्याहून जास्त बर्फ बाजूला सारावा लागतो. म्हणून फावडं अॅल्युमिनियमचंच हवं; प्लॅस्टिकचं पातं या बर्फावर वाकतं किंवा तुटतं. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खोदू नका, खालच्या माणसाच्या श्वासासाठी उरलेली पोकळी दाबली जाते. खोलीच्या साधारण दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन तिथून आडवं आत शिरा. एक जण पुढे बर्फ फोडतो, मागचे इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहून तो मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलतो. आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि सीपीआर. आता विचार करा: चौघांतला एक खाली असेल तर खोदायला तिघे उरतात. दोघे खाली गेले तर दोघेच.

हे एवढं लांबवून सांगितलं, कारण तुमच्या तिघा मित्रांनी हा भाग प्रशिक्षकासमोर, बर्फावर, घड्याळ लावून करायलाच हवा. शोध आणि बचावाचं स्वतंत्र प्रशिक्षण एका दिवसाचं असतं. पूर्ण कोर्सच्या मानाने त्याचा खर्च बराच कमी येतो. चौघांनी एकत्र तेवढं करा. यात काटछाट करायला जागा नाही.

पण बीकनपर्यंत वेळ आली म्हणजे बाकीचं आधीच चुकलेलं असतं. स्खलनात मरणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा गुदमरून नाही, तर दगडावर, झाडावर आपटून किंवा कड्यावरून खाली जाऊन मरतो. तिथे कुठलाही बीकन कामाला येत नाही. दुसरीकडे, जीवघेण्या स्खलनांपैकी दहांत नऊ वेळा बर्फ सुटतो तो त्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनाने. म्हणजे कुठल्या उतारावर पाय ठेवायचा हा निर्णय बहुतांशी आपल्याच हातात असतो, आणि तुमच्या सह्याद्रीतल्या अनुभवाबद्दल मला काळजी वाटते ती इथे.

सह्याद्री लगेच उत्तर देतो. घसाऱ्यावर पाऊल चुकलं की पाय सरकतो. ओल्या कातळावर पकड नाही हे हाताला त्याच क्षणी कळतं. दहा वर्षं अशी उत्तरं मिळून माणूस खरोखर शहाणा होतो, आणि तुमचा दम, थंडी-अंधारातली शिस्त, एकमेकांची सवय हे सगळं तिथे उपयोगी पडेलच. बर्फाचा उतार मात्र उत्तर देत नाही. खाली कमकुवत थर असलेल्या उतारावरून तुम्ही पाच वेळा उतरलात आणि काही झालं नाही, तर उतार चांगला होता की तुम्ही थोडक्यात वाचलात, हे तुम्हाला कळणारच नाही. दोन्हींचा अनुभव अगदी सारखाच असतो, आनंदाचा. न घडलेल्या अपघातातून चुकीचा धडा घट्ट होत जातो. प्रशिक्षण घ्यायचं ते यासाठी: स्वतःच्या अनुभवाला जे दिसू शकत नाही ते बघण्याची पद्धत शिकायला.

आत काय चाललेलं असतं ते थोडं सांगतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी आणि थंडी कडक असते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास आणि वरचा पृष्ठभाग खूप गार, यामुळे थरातून वाफ वर सरकत राहते आणि तळचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ येतो आणि गुलमर्गच्या बाजूला एका दमात मीटरभर ताजा बर्फ टाकतो. वारा तो उचलून धारेच्या आडोशाच्या बाजूला नेऊन दाबतो. वर एकसंध घट्ट पाटा, म्हणजे स्लॅब, खाली सुटे कण. उतार ३० ते ४५ अंशांमधला असेल तर एका माणसाच्या वजनाने खालच्या सुट्या थराला तडा जातो, तडा क्षणात दूरवर धावतो आणि सगळी स्लॅब एकदम सुटते. स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. ती जिथे पातळ असते, तिथे वजन खालच्या थरापर्यंत पोचतं. पहिले तिघे जाड भागावरून सुखरूप जातात आणि चौथा दोन मीटर बाजूने गेला म्हणून सगळं सुटतं, असं होऊ शकतं.

'तिथली मुलं रोज जातात' या म्हणण्याचं उत्तर त्यातच आलं. दुसऱ्याच्या खुणा पाहून एवढंच कळतं की तो माणूस गेला. इयन मॅककॅमन या अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले अमेरिकेतले ७१५ अपघात तपासून माणसं कुठे फसतात ते मांडलं. ओळखीची जागा, आधीच ठरवून टाकलेला बेत, गटात चांगलं दिसण्याची इच्छा, जाणकार वाटणाऱ्या एकावर सगळं सोडणं, हातातून निसटू पाहणारी संधी, आणि आसपास इतर माणसं असल्याने वाढणारा धीटपणा. तुमच्या पत्रात यातलं जवळजवळ सगळं आहे: दोन हिवाळ्यांची ओळखीची जागा, मोजून आठ दिवसांची रजा, पुढे जाणारी स्थानिक मुलं, आणि कोर्स करून आलेले तुम्ही, ज्यांच्यावर बाकीचे तिघे निर्णय सोडून देतील. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं. पहिल्या पातळीचा कोर्स केलेला एकच माणूस असेल तर त्याचं म्हणणं तपासायला दुसरं कुणी नसतं. म्हणून पूर्ण कोर्स करायचाच तर दोघांनी करा.

गुलमर्गचं मैदान तुम्हाला लिफ्टच्या उतारावरून ओळखीचं आहे. टूरिंगच्या नजरेने ते वेगळं आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, त्यातल्या ठरावीक भागाचीच पाहणी आणि नियंत्रण करतं. हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तो मोकळा हिमालयच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीअर स्खलनात गेले. आणि खिलनमर्ग, जे पाहून कुणालाही निवांत कुरण वाटेल, तिथे ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या प्रशिक्षणातले १७ जवान गेले. ही दुसरी घटना नीट समजून घ्या. तुम्ही उभे आहात तो उतार सौम्य असून भागत नाही. तुमच्या डोक्यावर काय आहे तेही बघायला हवं. वरचा उभा उतार सुटला की तो सौम्य मैदानावर येऊनच थांबतो. घळीचं तोंड आणि नाळेचा तळ या जागा सगळ्यात वाईट, कारण तिथे थोडा बर्फही खोल साठतो. सह्याद्रीत आपण नाळेने चढतो. तिथे ती सवय सोडा आणि सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, धरा.

वाट आखताना पहिल्या हंगामाचा नियम एकच ठेवा: स्वतः ३० अंशांच्या खाली, आणि वर जोडलेला ३० च्या पुढचा उतार नाही. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषांमध्ये ४० मीटरचं अंतर असेल, तर दोन रेषांमध्ये १.४ मिलिमीटर जागा म्हणजे ३० अंश. जागा त्याहून कमी दिसली की उतार उभा. फोनवरचे रंगीत उतार-नकाशे सोयीचे असतात, पण त्यातले बरेचसे ३० मीटरच्या चौकटींवरून काढलेले असतात. दहा मीटरचा उभा टप्पा त्यांत सपाट होऊन जातो आणि एक माणूस गाडायला तेवढा टप्पा पुरतो. म्हणून जागेवर मोजा: काठी उताराच्या दिशेने वर-खाली ठेवून तिच्यावर फोन ठेवायचा आणि कोन वाचायचा. झाडी असेल तर जरा विचारा स्वतःला: झाडांमधून आरामात स्की करता येतंय का? येत असेल तर ती झाडी बर्फ धरून ठेवण्याइतकी दाट नाही.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा अंदाज देते. त्यात जिल्हा आणि उंची असते, म्हणजे अमुक जिल्ह्यात २,४०० मीटरच्या वर मध्यम धोका वगैरे. रस्ते आणि वस्त्यांसाठी तो मोलाचा आहे. कुठल्या दिशेच्या उतारावर कुठला थर कमकुवत आहे हे त्यावरून कळत नाही, म्हणून गोंडोला स्टेशनवर स्की पेट्रोलची त्या दिवसाची सूचनाही वाचा. धोक्याच्या पाच पातळ्यांत तीन म्हणजे मधली, म्हणून ठीक, असं समजू नका; स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात, कारण पाचला माणसं घरी बसतात आणि तीनला निघतात. मोठ्या हिमवर्षावानंतर निदान दोन दिवस थांबा. चोवीस तासांत तीस सेंटिमीटर ताजा बर्फ, नुकतं झालेलं स्खलन, पायाखाली 'धुम्म' असा दबका आवाज, स्कीपासून धावणारा तडा, एकाएकी वाढलेली ऊब: यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी उभ्या उताराचा विषय संपला.

आता एअरबॅग. ती फुगली तर मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं असं अभ्यास सांगतात, पण पाचांतल्या एका घटनेत ती फुगतच नाही, आणि बहुतेकदा कारण हे की माणसाने ती ओढलेलीच नसते. शिवाय गॅसचं सिलिंडर विमानात न्यायला एअरलाइनची आधी परवानगी लागते. चांगली वस्तू आहे. पण बीकन, २४० सेंटिमीटरचा प्रोब, धातूचं फावडं आणि चौघांचं प्रशिक्षण झाल्यावरची. भाड्याचा बीकन घेताना तीन अँटेना आहेत ना, पट्टा आणि बटणं धड आहेत ना ते बघा. बॅटऱ्या नव्या अल्कलाइनच टाका, रिचार्जेबल नकोत. फोन बीकनपासून चालताना निदान वीस सेंटिमीटर आणि शोधताना अर्धा मीटर लांब ठेवा, नाहीतर आकडे भलतेच येतात.

तर पैसे कोर्सवर की गाइडवर? या फेब्रुवारीत दोन्हींवर थोडे थोडे, आणि 'स्वतःच्या बळावर' हा शब्द एक वर्ष पुढे ढकला. पहिला दिवस काही करू नका. नाशिक ६०० मीटरवर आहे आणि गुलमर्ग २,६५० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी चौघांचं शोध-बचाव प्रशिक्षण. पुढचे दोन-तीन दिवस दोघांचा पहिल्या पातळीचा कोर्स, तेवढ्यात बाकीचे दोघे लिफ्टवर. उरलेल्या दिवसांत गाइडसोबत सौम्य उतारावर टूरिंग, आणि त्यातले निदान दोन दिवस हवामानासाठी रिकामे. ते रिकामे ठेवले नाहीत तर शेवटच्या दिवशी रजा वाया जातेय म्हणून तुम्ही नको त्या उतारावर जाल. पुढच्या हिवाळ्यात उरलेले दोघे कोर्स करतील.

गाइड ठरवताना दर विचारण्याआधी हे विचारा: हिमस्खलनाचं कोणतं प्रशिक्षण झालंय आणि कधी, रोज सकाळी निघताना बीकनची तपासणी घेता का, तुमच्याकडे स्वतःचा प्रोब-फावडं आहे का, आणि गेल्या हंगामात कुठून आणि का परत फिरलात. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्यासोबत जाऊ नका. प्रशिक्षण किंवा गाइड यांतलं एकच परवडत असेल तर चौघांचा बचावाचा दिवस आणि बाकी सगळे दिवस पेट्रोलच्या हद्दीत, हा बेतही चांगलाच आहे.

सराव आत्तापासून नाशकात करता येतो. बीकनच्या लहरी वाळू-मातीतूनही जातात. गंगापूर धरणाच्या काठच्या मोकळ्या जागेत, विजेच्या तारा आणि गाड्यांपासून लांब, एकाने चालू बीकन ठेवलेला डबा पुरायचा आणि दुसऱ्याने पन्नास बाय पन्नास मीटरच्या चौकोनात तो शोधायचा. चार मिनिटांच्या आत सातत्याने जमायला हवं. हातमोजे घालून करा, दमलेल्या अवस्थेत करा, बाकीचे आरडाओरडा करत असताना करा. प्रोब मातीत खुपसू नका, वाकेल. तो वाळूच्या ढिगात. रामशेजला किंवा चामरलेणीला जाल तेव्हा उतार आधी डोळ्याने सांगा, मग फोनने मोजा. पंचवीस अंशांचा उतार पस्तीसचा वाटतो, हे बहुतेकांचं होतं. कोर्समधले बूट टूरिंग स्कीच्या पिन बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीत, बसत नाहीत, त्यांना पुढे आणि टाचेला धातूच्या खाचा लागतात, तेव्हा टूरिंगचे बूट आणि स्की भाड्याने मिळतील का ते जाण्याआधीच ठरवून घ्या. स्किन काढल्यावर जॅकेटच्या आत ठेवा. बाहेर ठेवल्या की गोंदावर बर्फ बसतो आणि पुढच्या चढावर त्या सुटतात. त्यासाठी दोन रबरी पट्टे प्रत्येकाच्या खिशात हवेत.

तुमच्या चौथ्या मित्राला भित्रा समजू नका, त्याच्याशी आधी बोला. चौघांत मिळून एक नियम ठरवा: कुणी एकाने 'नको' म्हटलं की त्या दिवशी तो उतार नको, आणि त्याला कारण विचारायचं नाही. हा नियम नाशिकमध्येच ठरवा, वर उतारावर उभं राहून ठरत नाही. आणि तो येत नसेल तर त्याला पटवू नका. तिघांचा बेत नव्याने आखा.

घरच्यांना खरं सांगा. यात नीतीपेक्षा व्यवहार मोठा आहे: संध्याकाळी चारपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं हे ज्याला माहीत आहे, असा एक माणूस खाली हवाच. कागदावर रोजची वाट, परतीची वेळ, गाइडचा आणि हॉटेलचा नंबर लिहून तो घरी आणि हॉटेलच्या काउंटरवर द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र कुणाकडून उसनं घेऊन जाऊ नका, सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. बचावाच्या प्रशिक्षणाची तारीख आधी पक्की करा, विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.